नव्या पोराच्या हातातला कासरा

गेल्या उन्हाळ्यात वेल्ह्याच्या बाजूला एका गावच्या जत्रेत बैलगाडी शर्यतीला गेलो होतो. सरकारी कागदावर वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण आमच्या तोंडात अजून वेल्हेच बसलंय. गेलो तो शर्यतीसाठी कमी आणि एका पोरासाठी जास्त. तो माझा जुना विद्यार्थी. अठरा पूर्ण झालेली, दहावीला मराठीत काठावर पास झालेला, पण बैलाच्या अंगावर हात फिरवताना पाहिला की वाटावं, याला कुणी नापास करूच शकत नाही. त्या दिवशी तो पहिल्यांदा छकडीवर बसणार होता.

झेंडी पडली आणि पहिल्या काही कासऱ्यांच्या अंतरातच त्याची गाडी डावीकडे ओढली गेली. त्याने घाबरून उजवा कासरा खेचला, तोही गरजेपेक्षा जास्त. गाडी शेजारच्या तासात, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या चाकोरीत शिरली. चाकाला चाक घासलं, शेजारच्या बैलाच्या मागच्या पायाला खरचटलं, दोन्ही गाड्या बाद झाल्या. माणूस किंवा जनावर दगावलं नाही, एवढं नशीब. पोरगं खाली उतरलं तर गाडीमालकाने सगळ्यांसमोर त्याच्या कानाखाली वाजवली. कमिटीने माइकवरून जाहीर केलं की या ड्रायव्हरला इथून पुढे या मैदानावर बंदी. किती दिवस ते सांगितलं नाही. त्याला काही विचारलंही नाही. संध्याकाळपर्यंत त्याचा व्हिडिओ भोरपासून वाईपर्यंत फिरला होता.

मी इतिहासाचा शिक्षक नाही, उर्दू आणि मराठी शिकवतो. पण रात्री घरी येताना डोक्यात एकच प्रश्न होता. नवशिक्याची चूक झाली की शिक्षा कुणाला करायची, किती करायची आणि कशासाठी करायची? हा प्रश्न काही आजचा नाही. माणसाने जनावर जुंपून पहिली शर्यत लावली असेल त्याच दिवशी तो पडला असणार.

शब्दांपासून सुरू करतो, ती माझी खोड आहे. 'शर्यत' हा शब्द अरबी 'शर्त'वरून आला. शर्त म्हणजे अट. धावणं नंतर, अट आधी. आणि 'शिस्त' हा शब्द फारसी. उर्दूत आजही 'शिस्त बाँधना' म्हणजे नेम धरणं. जुन्या मराठीतही बंदुकीची शिस्त धरणं असा प्रयोग होता. वर्गातल्या छडीशी या शब्दाचा संबंध आपण नंतर जोडला. मुळात शिस्त लावणं म्हणजे नजर आणि हात एका रेषेत आणायला शिकवणं. अजून एक सांगतो. 'चाबूक' या फारसी शब्दाचा एक अर्थ चपळ असाही आहे आणि 'चाबुकस्वार' म्हणजे घोडा फिरवून तयार करणारा कसलेला स्वार. हातात चाबूक आहे म्हणून कुणी चाबुकस्वार होत नाही.

आमचं घराणं नालबंदांचं. आजोबा, म्हणजे आमचे दादा, भोर ते नसरापूर पट्ट्यात बैलांना पत्री मारायचे. घोड्याच्या खुराला एक नाल लागतो. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन आणि चार पायांना आठ पत्र्या. बैलाला दोराने पाडायचं, पाय बांधायचे, खूर तासायचा, मग खिळे मारायचे. खिळा केसभर आत गेला तर बैल लंगडतो. भातखाचरातली चिखलणी संपली, रस्त्याची कामं सुरू झाली की आमच्या दारात बैलांची रांग असायची. जत्रांचे दिवस आले की शर्यतीचे बैल.

दादांना खूर पाहून बैलाचा धनी कळायचा आणि हाकणाराही कळायचा. एका बाजूची पत्री जास्त झिजलेली दिसली की म्हणायचे, "इसका हाकनेवाला एकीच कासरा खिंचता." शेपटीचं हाड दुखावलेलं दिसलं की दादा पैसे घ्यायचे, पण बोलायचे नाहीत. आमच्या घरात न बोलणं हीच मोठी शिवी होती. मला म्हणायचे, "जानवर झूट नै बोलता बेटा, उसकू बोलनेकू आताच नै."

पुणे जिल्ह्यात शर्यतीच्या दोन तऱ्हा आहेत, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. उत्तरेला खेड, मंचर, जुन्नरकडे घाट असतो. चढाच्या धावपट्टीवर एका वेळी एकच गाडा पळतो आणि सेकंदं मोजली जातात. आमच्या दक्षिणेकडची तऱ्हा सातारा-सांगलीच्या वळणाची. सपाट मैदान, आखलेले तास आणि एका गटात बऱ्याच गाड्या एकदम. घाटात एकाची चूक त्याच्यापुरती राहते. आमच्याकडे नवख्याचा कासरा चुकला तर शेजारच्याचा बैल जखमी होतो. म्हणून नवख्याला आवरण्याची गरज इथे जास्त. आणि माझ्या लहानपणी ते आवरणं मैदानावर सुरू होत नसे, गोठ्यात सुरू व्हायचं.

पहिलं वर्ष पोराने फक्त वैरण-पाणी करायचं आणि बैल धुवायचे. मग मैदानावर जू धरून उभं राहायचं, जुंपायला मदत करायची. नंतर पिकं निघालेल्या रानात सकाळी रिकाम्या छकडीवर फेऱ्या. शेवटी गटात. त्यातही एक न लिहिलेला नियम होता: नव्या बैलाला जुना हाकणारा, नव्या पोराला जुने बैल. आदत, म्हणजे दात न पाडलेलं, कोवळं खोंड आणि कोवळं पोर एकत्र कधी जुंपायचे नाहीत. जुना बैल वाट ओळखतो. पोराचा हात चुकला तरी तो चुकत नाही. मी कित्येकदा पाहिलंय, शिकवणारा खरं तर बैलच असायचा.

नेमकी हीच गोष्ट मला फार लांब, सातव्या शतकातल्या मदिनेत सापडली. प्रेषित मुहंमद (स.) यांनी घोड्यांच्या शर्यती लावल्या, त्याची नोंद हदीसच्या ग्रंथांत अब्दुल्लाह इब्न उमर यांच्या तोंडून आहे. शर्यतीसाठी तयार केलेले, अंग उतरवलेले घोडे हफियापासून सनिय्यतुल विदापर्यंत पळवले गेले. हे अंतर पाच-सहा मैल. जे घोडे तयार नव्हते त्यांची शर्यत वेगळी, सनिय्यतुल विदापासून बनू ज़ुरैक़च्या मशिदीपर्यंत, म्हणजे जेमतेम एक मैल. तयार आणि न-तयार यांना एका रेषेवर उभं करायचं नाही, हा नियम चौदाशे वर्षांपूर्वी प्रत्यक्ष लावलेला दिसतो. खुद्द इब्न उमर त्या शर्यतीत स्वार होते, तेव्हा तरुण होते. त्यांचा घोडा त्यांना घेऊन थेट भिंतीवरून पलीकडे गेला, हे तेच सांगतात. पुढे एवढे मोठे विद्वान झाले, तरी आपल्या घोड्याची ही फजिती त्यांनी लपवली नाही. त्याबद्दल त्यांना कुणी शिक्षा केल्याचं त्या कथनात नाही.

शर्यतीत 'जलब' नको, असंही हदीसमध्ये आहे. इमाम मालिक यांनी त्याचा अर्थ असा लावला की घोड्याच्या मागून आरडाओरडा करून त्याला पिटाळायचं नाही. आमच्या मैदानावर गाडीच्या बाजूने धावत शिट्ट्या मारणारी, गमछे उडवणारी शंभर पोरं आठवा. त्या गलक्यात बैल बिथरला तर चूक कुणाची लिहायची?

आणि तिसरी गोष्ट अंजशाची. अंजशा हा सफरीत उंट हाकणारा तरुण. तो गात गात उंट हाकायचा आणि त्याच्या आवाजाने उंट वेग घ्यायचे. उंटांवर बायका बसलेल्या होत्या. प्रेषितांनी त्याला हाक मारून सबुरीने घ्यायला सांगितलं, पाठीवर काचेची भांडी आहेत असं समज, अशा अर्थाने. अंजशाला उतरवलं नाही, गाणंही कायमचं बंद केलं नाही. नवख्या हाकणाऱ्याला भर वाटेत समज कशी द्यायची याचं इतकं नेमकं उदाहरण मला दुसरीकडे मिळालं नाही. डी.एड.-बी.एड.च्या पुस्तकांतही नाही.

आता दरबारी शिस्त बघू. अबुल फज़लच्या 'ऐन-ए-अकबरी'त तबेल्याच्या दंडाचे नियम आहेत. बादशहाच्या खास तबेल्यातला घोडा मेला तर दरोग्याने घोड्याच्या मूळ किमतीतल्या प्रत्येक मोहरेमागे एक रुपया भरायचा, मिरदाहाने दहा दाम, आणि सईसाचा महिन्याचा चौथा हिस्सा पगार कापायचा. म्हणजे ज्याचा हात प्रत्यक्ष जनावराला लागतो तो तर भरतोच, पण त्याच्यावर नेमलेला भरतो आणि त्याच्याही वरचा भरतो. हत्तीखान्यात तर आणखी स्पष्ट आहे. माहुताने हत्ती तापावा म्हणून खुराकात औषध मिसळलं आणि त्याने हत्ती मेला, तर देहदंड, हात तोडणं किंवा गुलाम म्हणून विकणं. शिक्षा भयानक आहेत, मी त्यांची भलामण करत नाही. पण एक फरक त्या काळातल्या कारकुनालाही कळत होता: निष्काळजीपणाला पगारकपात आणि लबाडीला वेगळा हिशोब. वेल्ह्याच्या त्या मैदानावर कासरा चुकलेल्या पोराला बंदी मिळाली. त्याच दिवशी एका अनुभवी ड्रायव्हरच्या बाहीत काय होतं ते बऱ्याच जणांनी पाहिलं होतं, त्याला काहीच झालं नाही. तो जिंकला होता.

तसं हेही जुनंच. इसवी सन ६७ मध्ये रोमचा सम्राट नीरो ऑलिंपियाला दहा घोड्यांचा रथ घेऊन उतरला, भर शर्यतीत रथातून पडला, शर्यत पूर्णही करू शकला नाही, आणि तरी विजयाचा मुकुट त्यालाच घातला गेला. अननुभवी हाकणाऱ्याच्या चुकीचं माप तो कोण आहे यावर ठरतं, याचं याहून ठळक उदाहरण नाही.

इथे मला घरातली गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर जुन्या काळाचं मी उगाच कौतुक करतोय असं वाटेल. माझ्या चाचांना, वडिलांच्या धाकट्या भावाला, शर्यतीचं वेड. नालबंदाच्या घरात बैल येतात, पण बैल आपले नसतात. पत्री मारायला बोलावणारे कासरा हातात देतातच असं नाही. तरी एका शेतकऱ्याने चाचांना गाडीवर बसवलं. वय असेल एकोणीस-वीस. पहिल्याच गटात त्यांचीही गाडी शेजारच्या तासात शिरली, अगदी माझ्या विद्यार्थ्यासारखी. दुसऱ्याचा बैल गुडघ्यावर पडला.

पंच बसले. चाचांना विचारलं, गाडीमालकाला विचारलं, ज्याचा बैल पडला त्याला विचारलं. ठरलं असं की चाचांनी एक वर्ष हाकायचं नाही, फक्त जुंपायला उभं राहायचं. बैल बरा होईपर्यंत रोज त्याच्या गोठ्यात जाऊन शेक द्यायचा. आणि गाडीमालकाने वैरणीचा खर्च द्यायचा, कारण कच्च्या पोराला बसवलं त्याने. इतकं नीट. अकबराच्या दरोग्याला पटलं असतं.

पण पानाच्या टपरीवर वेगळा निकाल लागला होता. यांचं काम पत्री मारायचं, कासरा यांच्या हातात शोभतो का? पाटलाच्या पोराची गाडी आदल्या वर्षी अशीच भरकटली होती, तेव्हा ती पोराची चूक होती. चाचांची मात्र घराण्याची ठरली. वर्ष संपल्यावर पंचांनी निरोप धाडला की ये आता. चाचा गेले नाहीत. पुढे त्यांनी टेम्पो घेतला आणि वरंधा घाटातून महाडला भाताची पोती नेली, बरीच वर्षं, एक अपघात न करता. शर्यतीचा विषय निघाला की अजूनही उठून बाहेर जातात.

त्या जुन्या मैदानावर क्रौर्य नव्हतं असंही नाही. पराणीला लोखंडी आर असायची, शेपट्या पिरगाळल्या, चावल्या जायच्या. दादांचं न बोलणं त्यावरच असायचं. म्हणून कायदा आला त्याचं मला नवल वाटलं नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा केंद्रीय कायदा होताच. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. आजही पन्नास रुपयांत काय येतं ते सांगायला नको. मग ११ जुलै २०११ ला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने खेळ-प्रदर्शनासाठी वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूचा जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलगाडी शर्यती दोन्ही बंद केल्या. २०१७ ला महाराष्ट्राने स्वतःची दुरुस्ती केली, पण शर्यती सुरू व्हायला १६ डिसेंबर २०२१ उजाडला. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली. १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली.

अटी चांगल्या आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्याची तपासणी, धाव १००० मीटरच्या आत, काठी-चाबूक-विजेचा धक्का बंद. मोडणाऱ्याला ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद. पन्नास रुपयांवरून पाच लाखांवर आपण एका उडीत आलो. पण त्या उडीत एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. बंदीच्या काळात बैल पळायचे थांबले तशी पोरंही शिकायची थांबली. माझा विद्यार्थी यादीत बैल आला तेव्हा चार वर्षांचा होता, शर्यती परत सुरू झाल्या तेव्हा चौदाचा. ज्या वयात वैरण, मग जू, मग रिकामी छकडी असं चढत जायचं, ते सगळं वय कोरडं गेलं. बऱ्याच गोठ्यांतले जुने बैल विकले गेले, कारण पळायचं नाही तर पोसायचा कशाला? म्हणजे ज्या जुन्या बैलाने पोराला सांभाळून घ्यायचं तोही नाही. आणि शर्यती परतल्या त्या थेट मोटारसायकली आणि ट्रॅक्टरच्या बक्षिसांसह. कच्चं पोर, कच्चे बैल आणि पक्कं बक्षीस. चूक होणार नाही तर काय होईल?

जिथे हा खेळ धंदा झाला तिथेही नवख्याची सोय आहे. अमेरिकेत घोड्याला हलकी दुचाकी गाडी जुंपून शर्यती लावतात. तिथे नव्या हाकणाऱ्याला एकदम पूर्ण परवाना देत नाहीत. आधी पैज नसलेल्या पात्रता-शर्यतींत हाकायचं, मग तात्पुरता परवाना, मग पूर्ण. आपल्या पुण्याच्या रेसकोर्सवर गाड्या नाहीत, घोड्याच्या पाठीवर जॉकी असतो. पण तिथेही शिकाऊ जॉकीला वजनात सवलत मिळते आणि जिंकत गेला की ती कमी होत जाते. घोडा आडवा घातला तर स्टुअर्ड त्याला बोलावतात, चित्रफीत दाखवतात, तो काय म्हणतो ते ऐकतात आणि मग ठरावीक दिवसांची बंदी घालतात. दिवस मोजून दिलेले असतात. मोजलेली शिक्षा संपते. आमच्या कमिटीने दिलेली शिक्षा कधी संपणार, हे त्या पोराला कुणी सांगितलंच नाही.

मैदान बंद झाल्याचं त्याला दुःख होतंच. त्याहून जास्त त्या व्हिडिओचं होतं. मी त्याच्या घरी गेलो तर म्हणाला, "सर, त्या बैलाचा पाय बरा आहे का, एवढं तरी कुणी सांगा. मी विचारायला गेलो तर मला दारात उभं केलं नाही." जुन्या पंचांनी चाचांना त्याच गोठ्यात रोज जायला लावलं होतं. ती शिक्षा होती आणि सुटकाही होती. आता शिक्षा माइकवरून होते आणि गोठ्याचं दार बंद होतं.

मग मी आमच्याकडच्या एका कमिटीला अर्ज लिहिला. मास्तर माणूस, अर्जच लिहिणार. मागण्या साध्या. मुख्य शर्यतीआधी सकाळी नवशिक्यांचा वेगळा गट ठेवा, अंतर निम्मं, एका वेळी दोनच गाड्या, मध्ये एक तास मोकळा. पहिल्यांदा बसणाऱ्याला जुने बैल असल्याशिवाय नाव घेऊ नका. चूक झाली तर आधी त्याला विचारा, मालकालाही विचारा. बंदी घालायची तर किती ते लिहून द्या. आणि मुद्दाम केलेलं आणि हातून झालेलं वेगळं ठेवा.

अर्ज घेऊन घरी चाचांना वाचून दाखवला. या वेळी उठून बाहेर गेले नाहीत. ऐकून म्हणाले, "इसमें एक बात नै लिखा तू. बारा महिने के बाद उसकू बुलाने कौन जाएगा, वो लिख. निरोप नको, खुद जाना." मी ते कलम घातलं.

कमिटीतल्या लोकांनी अर्ज नीट वाचला, चहा पाजला. एक जण म्हणाला, कल्पना चांगली आहे सर, जत्रा झाल्यावर बसू. दुसऱ्याने विचारलं, "पण त्या गटाला बक्षीस काय ठेवायचं? बक्षीस नसलं तर बघायला कोण येणार?" मी म्हणालो, कुणी येऊच नये, तेच तर हवंय. त्याने माझ्याकडे बघितलं आणि अर्ज घडी करून खिशात ठेवला.